नाग हम्मादीचे ग्रंथ वाचायला सुरुवात कशी करावी

ग्नॉस्टिक, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी पाखंडी ठरवलेल्या गटांचे, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांकडे (त्यांचा मोठा साठा इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडला) बहुतेक जण एखादा माहितीपट पाहून किंवा ‘लपवून ठेवलेली शुभवर्तमानं’ असा मथळा वाचून वळतात. कुतूहल चांगलंच. पण या वाटेने येणारा वाचक सहसा आधी चार परिचयपर पुस्तकं वाचतो, ‘ग्नॉस्टिक लोक अमुक मानत’ अशी यादी मनाशी बांधतो आणि मग मूळ ग्रंथांत तीच शोधत बसतो. ती सापडत नाही. हे ग्रंथ एका पंथाचे नाहीत, एका काळातले नाहीत आणि त्यांचं आपसातही पटत नाही. म्हणून इथे उलटा क्रम दिला आहे: आधी एकच ग्रंथ, त्याच्या सगळ्या प्रतींसह, सावकाश; वर्गीकरण आणि वाद नंतर. रोज पाऊण तास मिळत असेल तर भाषा सोडून बाकीचं काम चारेक महिन्यांत होतं. भाषांना जास्त वेळ लागतो, त्यांचं पुढे येईल.

पहिली पायरी: साधनं दोन जातींची आहेत, हे आधी नीट समजून घ्या

एका बाजूला विरोधकांचं लेखन आहे. लियोंचा (आजच्या फ्रान्समधलं शहर) बिशप इरेनियस याने इ.स. १८०च्या सुमारास पाखंडांच्या खंडनाचे पाच भाग लिहिले. मूळ ग्रीक बहुतांशी हरवलं. पूर्ण ग्रंथ लॅटिन भाषांतरात टिकला. चौथ्या शतकात एपिफानियस या बिशपने त्याहून लांबलचक खंडन लिहिलं आणि त्यात जुनी ग्रीक अवतरणं जशीच्या तशी उतरवली. दुसऱ्या बाजूला ज्यांच्यावर ही टीका झाली त्यांच्या परंपरेतले ग्रंथ, आणि ते जवळजवळ सगळे कॉप्टिक (प्राचीन इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप) भाषांतरात. यातली काही हस्तलिखितं आधीच युरोपात पोहोचली होती, उदाहरणार्थ १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलेला बर्लिन कोडेक्स (कोडेक्स म्हणजे पानं बांधून केलेलं हस्तलिखित पुस्तक). मोठा साठा मात्र डिसेंबर १९४५ मध्ये वरच्या, म्हणजे दक्षिण, इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडला: १३ कोडेक्स (तेराव्याची फक्त सोळा पानं, तीही सहाव्याच्या पुठ्ठ्यात खोचलेली), त्यांत ५२ ग्रंथ. आज ते कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत.

शोधाची जी रंगतदार कथा सगळीकडे सांगितली जाते तिच्या तपशिलांवर अलीकडच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. तिच्यावर कुठलाही युक्तिवाद उभा करू नका.

काळाबाबत सुरुवातीलाच एक शिस्त लावून घ्या. हस्तलिखिताचा काळ वेगळा, ग्रंथ रचला गेला तो काळ वेगळा. सातव्या कोडेक्सच्या बांधणीत जाडीसाठी भरलेल्या रद्दी पपायरसवर ३४१, ३४६ आणि ३४८ सालांच्या नोंदी मिळाल्या. म्हणजे निदान हा कोडेक्स त्यानंतर बांधला गेला. आतला ग्रंथ दुसऱ्या शतकातला आहे असं म्हणायचं असेल तर त्याला वेगळा पुरावा लागतो, आणि तोही प्रत्येक ग्रंथासाठी स्वतंत्रपणे. वहीत दोन रकाने आखून घ्या: ‘प्रत कधीची’ आणि ‘रचना कधीची, कशावरून’. दुसऱ्या रकान्यात ‘कशावरून’ रिकामं राहिलं, तर त्या ग्रंथाला दुसऱ्या शतकातला म्हणू नका.

दुसरी पायरी: पूर्वतयारीचं वाचन

हे थोडं आहे, पण टाळलं तर पुढचं काहीच लागत नाही. बायबलमधून उत्पत्तीचे पहिले नऊ अध्याय, निर्गमचा विसावा, यशयाचे पंचेचाळीस आणि सेहेचाळीस, आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. पहिल्या वाचनाला मराठी बायबल पुरतं. मात्र या ग्रंथांचे लेखक हिब्रू नव्हे तर ग्रीक जुना करार वाचत होते, ज्याला सेप्टुअजिंट म्हणतात. त्यामुळे दुसऱ्या वाचनाला त्याचं आधुनिक इंग्रजी भाषांतर घ्या. ते इंटरनेटवर मोफत मिळतं.

त्यानंतर प्लेटोचा ‘टिमेयस’, २७सी ते ४७ई एवढाच भाग. हे आकडे आणि अक्षरं १५७८ साली छापलेल्या एस्तियेनच्या आवृत्तीतल्या पानांची आहेत आणि प्रत्येक चांगल्या भाषांतराच्या समासात असतात. संदर्भ नेहमी त्यांनीच द्यायचा. तुमच्या हातातल्या पुस्तकाचा पान क्रमांक दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. दोन जागांवर खूण करून ठेवा. २८सी: या विश्वाचा कर्ता आणि पिता शोधून काढणं अवघड, आणि सापडला तरी सगळ्यांना सांगणं अशक्य. २९ई: त्याने विश्व का घडवलं? तो चांगला होता, आणि चांगल्याच्या ठायी कशाबद्दलही असूया नसते.

तिसरं, टॉलेमीचं फ्लोराला लिहिलेलं पत्र. हा टॉलेमी खगोलशास्त्रज्ञ नव्हे. व्हॅलेंटिनस या ग्नॉस्टिकांत गणल्या जाणाऱ्या ख्रिस्ती गुरूच्या परंपरेतला दुसऱ्या शतकातला शिक्षक. एपिफानियसने हे पत्र पूर्ण उतरवलं आहे (तेहेतिसावं प्रकरण, परिच्छेद ३ ते ७), तेही ग्रीकमध्येच. भाषांतरात ते जेमतेम सात-आठ पानं भरतं. मोशेच्या नियमशास्त्राचे तो तीन थर करतो: देवाचा, मोशेचा स्वतःचा आणि वडीलधाऱ्यांचा. मग देवाच्या थराचे पुन्हा तीन: दहा आज्ञांसारखा शुद्ध, ‘डोळ्याबद्दल डोळा’सारखा अन्यायाची भेसळ झालेला आणि बलिदानं, शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) यांसारखा प्रतीकात्मक. शेवटी विचारतो, असा नियम देणारा देव कोण? परिपूर्ण पिता तो असू शकत नाही, सैतानही नाही. मधला, न्यायी, जग घडवणारा. आमच्या मते नवशिक्याने पहिला ग्रंथ म्हणून हाच घ्यावा. यात विचित्र नावांचा गोंधळ नाही, आणि ‘सृष्टिकर्ता वेगळा, परमपिता वेगळा’ हा विचार बायबलच्या बारकाईच्या वाचनातून कसा निघू शकतो हे स्वच्छ दिसतं. यातला सृष्टिकर्ता दुष्टही नाही. ‘ग्नॉस्टिकांचा दुष्ट देव’ हे वाक्य परत वाचाल तेव्हा हे पत्र आठवेल.

तिसरी पायरी: ‘योहानाचा गुप्तग्रंथ’ तीनदा वाचणं

याच्या चार प्रती उपलब्ध आहेत. नाग हम्मादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कोडेक्समध्ये एकेक आणि बर्लिन कोडेक्समध्ये एक. दुसऱ्या व चौथ्यात लांब पाठ आहे. तिसऱ्यात आणि बर्लिनमध्ये आखूड. चौथ्या कोडेक्सची पानं फार फाटलेली आहेत. चारही प्रती शेजारी-शेजारी रकान्यांत छापलेली सिनॉप्सिस १९९५ मध्ये निघाली; कॉप्टिक येत नसलं तरी तिच्यातलं इंग्रजी वापरता येतं.

पहिलं वाचन लांब पाठाचं, सलग, एका बैठकीत. नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका, फक्त घटनाक्रम लिहा: वर्णनापलीकडचा अदृश्य आत्मा, बार्बेलो (त्याच्यातून प्रकटलेली पहिली शक्ती), सोफियाची (मूर्तिमंत प्रज्ञा) चूक, याल्दाबाओथ (त्या चुकीतून जन्मलेला सृष्टिकर्ता), आदामाची घडण, बाग, नोहा. उत्पत्तीची कथा कुठून सुरू होते तिथे रेघ मारा.

दुसऱ्या वाचनाला आखूड पाठ. आता फक्त फरक टिपायचे. आदामाचं शरीर घडवताना कुठल्या अवयवाला कुठल्या दूताने रूप दिलं याची भली मोठी यादी आणि शेवटचं प्रोनोइयाचं (दैवी पूर्वयोजना) स्तोत्र, दोन्ही लांब पाठातच आहेत. यादीच्या अखेरीस आणखी माहितीसाठी झरथुष्ट्राच्या पुस्तकाकडे बोट दाखवलेलं आहे. म्हणजे ग्रंथ उतरवणारे लोक तो वाढवतही होते, बाहेरचं साहित्य आत आणत होते. ‘मूळ’ ग्रंथ एकच होता आणि आपल्याला तो परत मिळवायचा आहे, ही कल्पना इथेच डळमळते.

तिसऱ्या वाचनाला इरेनियस, पहिला भाग, प्रकरण २९. या ग्रंथाच्या पहिल्या अर्ध्याशी जुळणारा सारांश त्याने तिथे दिला आहे, आणि रचना निदान अंशतः दुसऱ्या शतकातली आहे याचा हाच मुख्य पुरावा. योहानाचं किंवा येशूच्या प्रकटीकरणाचं नाव त्याच्या सारांशात येत नाही. ही चौकट नंतर जोडली गेली का, हा प्रश्न तिथून निघतो.

आता एक जागा अगदी जवळून पाहा. याल्दाबाओथ आपल्या दूतांसमोर म्हणतो: मी ईर्ष्यावान देव आहे आणि माझ्याशिवाय दुसरा देव नाही. पहिला अर्धा निर्गम २०:५ मधून आला आहे, दुसरा यशया ४५:५ किंवा ४६:९ मधून. इरेनियसचा सारांश या वाक्याशी थांबतो. गुप्तग्रंथ थांबत नाही. तो लगेच शेरा मारतो की असं बोलून त्याने दुसरा देव असल्याचं दूतांना कळवून टाकलं. दुसरा नसताच, तर त्याला ईर्ष्या वाटली असती कुणाची? आता खूण केलेलं ‘टिमेयस’ २९ई काढा. प्लेटोच्या मते चांगल्या कर्त्याला असूया शिवत नाही. प्लेटो मुरलेल्या वाचकाने निर्गमचा विसावा अध्याय उघडला की काय घडतं ते या दोन ओळींत दिसतं: ‘ईर्ष्यावान’ हे विशेषण त्याच्यासाठी कबुलीजबाब ठरतं. ख्रिस्ती, ज्यू आणि ग्रीक तत्त्वज्ञान असे तीन वेगळे विषय शिकून हे हाती लागत नाही. तिन्ही पानं एकाच टेबलावर उघडी लागतात. शिवाय विरोधकाच्या सारांशातून काय गळलं तेही दिसलं: नेमका युक्तिवाद. इरेनियस खोटं लिहीत नाही. वाक्य बरोबर देतो, विचार वगळतो. त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवणं आणि त्याला पूर्ण फेटाळणं, दोन्ही चुकीचं.

चौथी पायरी: संदर्भ आणि कंस वाचायला शिकणं

नाग हम्मादीचा संदर्भ चार भागांचा असतो: कोडेक्सचा क्रमांक (छापील पुस्तकांत रोमन अंकांत), त्यातला ग्रंथ, हस्तलिखिताचं पान, ओळ. वरचा ईर्ष्येचा उतारा कोडेक्स २, ग्रंथ १, पान १३, ओळ ८ ते १३ असा सांगायचा. भाषांतर कुणाचंही असो, या आकड्यांवरून जागा सापडते. आकडे न देणारं भाषांतर अभ्यासाला घेऊ नका.

चौकोनी कंसातला मजकूर हस्तलिखितात नाही. पान फाटलं आहे आणि संपादकाने अंदाजाने भरला आहे. टोकदार कंस म्हणजे लेखनिकाकडून सुटलेलं संपादकाने घातलेलं. अक्षराखालचा टिंब म्हणजे अक्षर धूसर आहे. चुका होतात त्या इथेच. ‘झोस्ट्रियानोस’ हा साठ्यातला सर्वांत लांब ग्रंथ, १३२ पानांचा आणि वाईट अवस्थेतला. त्यातलं एखादं भव्य वाक्य इंटरनेटवर कंसांशिवाय फिरत असतं, आणि छापील आवृत्तीत पाहावं तर अर्ध्याहून जास्त शब्द चौकोनी कंसात. कुठलंही अवतरण वापरण्याआधी कंस तपासा; कळीचा शब्द कंसात असेल तर त्यावर मुद्दा रचू नका. शंका आल्यास मूळ पानाचा फोटो पाहावा. क्लेअरमाँट महाविद्यालयांच्या डिजिटल ग्रंथालयात नाग हम्मादीची छायाचित्रं मोफत खुली आहेत.

‘थोमाच्या शुभवर्तमाना’वर हाच सराव करा. कॉप्टिक पाठात ११४ वचनं आहेत. त्याच ग्रंथाचे ग्रीक तुकडे इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यात आधीच मिळाले होते. १८९७ आणि १९०४ मध्ये ते छापले गेले, पण ग्रंथ कोणता हे कॉप्टिक प्रत हाती आल्यावर उमगलं. ‘लाकूड फोडा, मी तिथे आहे, दगड उचला, मी तिथे सापडेन’ हे वचन कॉप्टिकमध्ये ७७व्या वचनाचा शेवट आहे. ग्रीक तुकड्यात ते ३०व्या वचनाला जोडून येतं. कॉप्टिकमध्ये त्याच्या आधी ‘मी प्रकाश आहे’ असं आहे, ग्रीकमध्ये तसं नाही. संदर्भ बदलला की अर्थ सरकतो. दोन्ही जागा शेजारी लिहून काढा आणि मगच या वचनावर मत बनवा.

पाचवी पायरी: तत्त्वज्ञांची बाजू

सहाव्या कोडेक्सच्या पान ४८ ते ५१ वर प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा ५८८ए ते ५८९बी हा उतारा कॉप्टिकमध्ये आहे: माणसाच्या आत अनेक डोक्यांचा पशू, सिंह आणि माणूस. भाषांतर इतकं फसलेलं आहे की आधी तो प्लेटो आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. १९७४ मध्ये ओळख पटली. प्लेटोच्या मूळ उताऱ्यासोबत तो वाचा. प्लेटो या लोकांपर्यंत बहुधा संपूर्ण संवादांतून नव्हे, वेच्यांतून पोहोचत होता, हे त्यातून कळतं.

दुसरं टोक प्लोटायनसचं, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या प्लेटोवादी तत्त्वज्ञाचं. ‘एनियड्स’मधला २.९ हा निबंध ग्नॉस्टिकांविरुद्ध आहे. जग आणि त्याचा कर्ता यांना वाईट म्हणणाऱ्यांवर तो चिडलेला आहे, आणि त्यांच्यात आपलेच काही मित्र असल्याचंही सांगतो. चिडचिडीचं कारण हेच: ते प्लेटोचीच मांडणी घेतात आणि ती भलतीकडे नेतात. त्याचा शिष्य पॉर्फिरी गुरूच्या चरित्राच्या सोळाव्या प्रकरणात त्यांच्या पुस्तकांची नावं देतो. त्यात झोस्ट्रियानोस आणि अलोजेनेस आहेत. याच नावांचे ग्रंथ नाग हम्मादीच्या आठव्या आणि अकराव्या कोडेक्समध्ये निघाले. मात्र रोममध्ये तिसऱ्या शतकात वाचला गेलेला पाठ आणि आपल्या हातातला कॉप्टिक पाठ शब्दशः एक असल्याचं गृहीत धरू नका. गुप्तग्रंथाच्या चार प्रती पाहिल्यावर याचं कारण सांगायला नको. प्लोटायनसचं ग्रीक-इंग्रजी समोरासमोर हवं असेल तर लोएब मालिकेतल्या सात खंडांपैकी दुसरा घ्या.

मधला दुवा म्हणून अल्किनूसच्या प्लेटो-परिचयाचं दहावं प्रकरण वाचा. देव काय नाही हे सांगत जाण्याची त्यातली पद्धत गुप्तग्रंथाच्या सुरुवातीशी ताडून पाहा. बाकी मध्य-प्लेटोवाद (प्लोटायनसच्या आधीच्या काळातला प्लेटोवाद) सध्या बाजूला ठेवला तरी चालेल.

सहावी पायरी: भाषा

आधी ग्रीक, मग कॉप्टिक. उलट करू नका. कॉप्टिक ग्रंथांत ग्रीक शब्द खच्चून भरलेले असतात, आणि प्लेटो, सेप्टुअजिंट, नवा करार तिन्ही ग्रीकच. ॲटिक (प्लेटोच्या अथेन्सची) ग्रीकपासून सुरुवात केली तर नव्या कराराचं कोइने (नंतरची सर्वसामान्य ग्रीक) सोपं जातं. कोइनेवरून प्लेटोकडे चढण फार.

शाळेत संस्कृत झालेल्या मराठी वाचकाला इथे खरा फायदा आहे. आत्मनेपदासारखा प्रयोग, लुङ्‌सारखा भूतकाळ, द्विवचन, धातूला लागणारा ‘अ’ आगम, हे सगळं ओळखीचं निघतं. अडखळायला होतं ते दोन ठिकाणी. ग्रीकमध्ये विभक्ती पाचच: पंचमीचं काम षष्ठी करते, तृतीया आणि सप्तमीचं चतुर्थी. आणि नामाआधी येणारं उपपद, जे संस्कृतात नाही आणि मराठीतही नाही. तत्त्वज्ञानाच्या ग्रीकमध्ये उपपद लावून कशाचंही नाम करता येतं, म्हणून त्याचा वेगळा सराव करा. रोज ४० मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस धरल्यास वर्षाअखेर योहानाचं शुभवर्तमान कोशाच्या मदतीने वाचता यावं. त्यानंतर फ्लोराचं पत्र. रविवारी सलग पाच तास बसून हे होत नाही, रूपं विसरली जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून, ग्रीक आणि हिब्रू शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेव्हा साधनं आजच्या शतांशही नव्हती.

कॉप्टिकची साहिदिक बोली घ्या. अक्षरं ३०: ग्रीकची २४ आणि डेमॉटिक या जुन्या इजिप्शियन लिपीतून आलेली सहा. व्याकरण ग्रीकपेक्षा हलकं, विभक्तिप्रत्यय नाहीत. पण हस्तलिखितात शब्द तोडलेले नसतात. क्रम (Crum) या अभ्यासकाचा १९३९चा कॉप्टिक कोश वापरताना दोन गोष्टी माहीत हव्यात. तो व्यंजनांच्या क्रमाने लावलेला आहे, स्वर धरून शोधाल तर सापडणार नाही. आणि त्यात ग्रीक उसने शब्द घेतलेलेच नाहीत. नवशिका तासभर पानं उलटतो तो बहुतेक ग्रीक शब्दासाठी. तो लिडेल-स्कॉट-जोन्सच्या ग्रीक कोशात बघायचा. शिवाय हा कोश नाग हम्मादीच्या शोधाआधीचा आहे. ‘कॉप्टिक डिक्शनरी ऑनलाइन’ मोफत आहे, ती जोडीला ठेवा. पुढे संशोधन करायचं असल्यास जर्मन आणि फ्रेंच वाचता येणं भाग आहे. क्वेबेकच्या लावाल विद्यापीठाची आवृत्त्यांची मोठी मालिका फ्रेंचमध्ये आहे.

ग्रंथालयासाठी ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्या संस्था गाठा. पुण्यात नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे; बाहेरच्या वाचकांसाठी नियम काय ते आधी विचारून जा. सिरियाककडे (पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) वळलात तर कोट्टायमला शिकण्याची सोय आहे. इरेनियसचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट आहे. प्रकरणांचे आकडे तेच असल्याने जागा शोधायला उपयोगी, पण त्याच्या टिपा १९४५च्या आधीच्या.

नेहमीचे घसरायचे दगड

‘ग्नॉस्टिसिझम’ हे नाव सतराव्या शतकातलं आहे. प्राचीन लोक ते वापरत नव्हते. १९९६ मध्ये मायकेल विल्यम्स आणि २००३ मध्ये कॅरन किंग यांनी हा वर्गच मोडीत काढावा किंवा निदान त्याची फेरतपासणी व्हावी असं मांडलं; काही अभ्यासक तो एका मर्यादित गटापुरता राखतात. नवशिक्याने बाजू घ्यायची घाई करू नये. लिहिताना ‘ग्नॉस्टिक मानत’ असं आलं की तिथे ग्रंथाचं नाव घाला. वाक्य टिकलं तर ठेवा.

निकायाच्या परिषदेत, ३२५ साली, बायबलमधली पुस्तकं निवडली गेली ही समजूत चुकीची आहे. त्या परिषदेच्या नियमांत ग्रंथांची यादी नाही. नव्या कराराच्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची पहिली नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७च्या पत्रात मिळते.

आणि भारताचा मोह. सोफियाची कथा वाचताना मायावाद आठवणं स्वाभाविक आहे, पण साम्य म्हणजे संबंध नव्हे. संबंध म्हणायचा तर काळ, वाट आणि नेमका तपशील, तिन्ही दाखवता आले पाहिजेत. जे दाखवता येतं ते कमी असलं तरी मोलाचं आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बुद्धाचं नाव घेतो. भारतीय तत्त्वज्ञान जाणून घेण्याच्या इच्छेने प्लोटायनस २४३ साली रोमन सम्राट गॉर्डियनच्या स्वारीत गेला, आणि ती स्वारी मेसोपोटेमियातच संपली. सहाव्या शतकात कॉस्मस हा ग्रीक प्रवासी ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. ही जागा म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पहिला निबंध

दीड हजार शब्द, एक उतारा, दोन साक्षी. ईर्ष्येचा उतारा आणि इरेनियस १.२९, किंवा ‘थोमा’ ७७ आणि ग्रीक तुकडा, किंवा ‘रिपब्लिक’चा कॉप्टिक अवतार आणि प्लेटो. पहिल्या पानावर दोन्ही पाठ शेजारी उतरवा, कंसांसकट. मग फरक क्रमाने मांडा आणि प्रत्येक फरकापुढे लिहा: लेखनिकाची चूक, भाषांतरकाराची गडबड की मुद्दाम केलेला बदल, आणि कशावरून. ‘ठरवता येत नाही’ हेही उत्तर चालतं, कारण दिलं तर. दुसऱ्यांचे लेख त्यानंतरच उघडा. आधी उघडले तर फरक तुम्हाला त्यांच्याच नजरेने दिसतील.